जेट बोटीच्या तळात पाणी येते कोठून? गळती शोधण्याच्या चार पद्धतींची तुलना

न्यूझीलंडच्या कँटरबरी भागातल्या वायमाकारिरी, राकाया यांसारख्या नद्या गोट्यांच्या रुंद पात्रात अनेक उथळ प्रवाहांत विभागून वाहतात. तेथे बोटीखाली लोंबणारा पंखा गोट्यांवर आपटून निकामी होतो, आणि याच अडचणीतून बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात तेथे जेट बोट व्यवहारात आणली. या रचनेत बोटीच्या तळालाच पाणी ओढून घेणारे तोंड असते, आत पंप असतो आणि मागच्या उभ्या फळीतून, म्हणजे ट्रान्सममधून, पाण्याचा झोत बाहेर फेकला जातो. उथळ पाण्याची अडचण त्यामुळे सुटते, परंतु पाणरेषेखालचे सांधे वाढतात: तळाशी जोडलेली पाणी घेण्याची वाहिनी, तिच्यातून आत येणाऱ्या, पंप फिरवणाऱ्या दांड्याचे सील, ट्रान्सममधला जोड, आणि पंपाच्या दाबावर इंजिन थंड करण्यासाठी पाणी नेणारे पाइप. तळात, म्हणजे बिल्जमध्ये, पाणी साचू लागले की यांपैकी कोणता सांधा दोषी आहे हे ठरवावे लागते.

पद्धत निवडण्यापूर्वी पाणी केव्हा येते हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. बोट नुसती उभी असताना येत असेल, तर दोष तळातील तडा, बूच, वाहिनीचा जोड किंवा दांड्याचे सील यांत असतो. फक्त इंजिन चालू असताना येत असेल, तर पंपाच्या दाबाखालच्या वाहिन्या, पाइप आवळून धरणाऱ्या होज क्लिप आणि एक्झॉस्ट थंड करणारे पाणी यांचा संशय आधी घ्यावा. साचलेले पाणी हिरवट किंवा गुलाबी असेल, तर ते बाहेरचे नसून इंजिनाचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रंगीत द्रव, असण्याची शक्यता मोठी. समुद्रात चव पाहून पावसाचे पाणी ओळखता येते. नदीत तो मार्ग नाही. बिल्जमधले पाणी उपसणारा स्वयंचलित पंप मात्र तपासणीच्या काळात पूर्ण बंद ठेवू नये, तो किती वेळा सुरू होतो ते मोजावे, कारण गळती झाकून ठेवण्यात या पंपाइतके तरबेज दुसरे काही नसते.

पहिली पद्धत म्हणजे बोट ट्रेलरला पट्ट्यांनी बांधलेली ठेवूनच ती घाटाच्या उतारावर पाण्यात उतरवणे. इंजिन बंद, बिल्ज कोरडे पुसलेले, आणि प्रत्येक सांध्याभोवती टाल्कम पावडर किंवा कोरडा टिश्यू. पावडरीवर ओल्या रेषा उमटतात आणि पाणी कोठून निघाले ते दिसते. बोट बांधलेली असल्याने पाणी जोरात आले तरी लगेच वर ओढता येते, आणि सीलवर दाब बाहेरून, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असतो त्याच दिशेने पडतो. खर्च जवळजवळ शून्य. उणीव एवढीच की धावत्या बोटीत सांध्यांवर येणारा ताण येथे येत नाही. निदान अर्धा तास धीर धरावा, कारण सेकंदाला एक थेंब ही गळती क्षुल्लक भासते, पण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला ती ४ लिटरांहून अधिक होते.

दुसरी पद्धत नेमकी उलट आहे: बोट जमिनीवर ठेवून बिल्जमध्येच पाणी भरायचे आणि ते बाहेर कोठे झिरपते ते खालून पाहायचे. अॅल्युमिनियमच्या तळाला वेल्डिंगलगत गेलेला केसासारखा तडा शोधण्यास ही पद्धत सर्वांत सरस आहे, आणि पाण्यात थोडा खाण्याचा रंग मिसळला तर डाग स्पष्ट उठतो. मात्र १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो वजन, तेही ट्रेलरच्या मोजक्या आधारांवर. म्हणून पातळी स्टार्टर व इंजिनाच्या तळाच्या बरीच खाली ठेवावी आणि आधी बिल्ज धुऊन तेलाचा अंश काढावा. काही सील एकाच दिशेच्या दाबासाठी बनवलेली असतात, त्यामुळे आतून भरलेल्या पाण्यावरून दांड्याच्या सीलचा निकाल लावू नये. ही पद्धत तळाबद्दल खरे सांगते, सीलबद्दल फसवू शकते.

तिसरी पद्धत, म्हणजे इंजिनाच्या फ्लशिंग जोडाला (वाहिन्या आतून धुण्यासाठी दिलेल्या तोंडाला) बागेचा पाइप लावून इंजिन चालवणे, केवळ थंड पाण्याच्या वाहिन्या आणि एक्झॉस्ट यांच्यासाठी उपयोगी. पाणी आधी की इंजिन आधी हा क्रम आणि किती वेळ चालवायचे हे त्या बोटीच्या पुस्तिकेप्रमाणेच पाळावे, कारण पंपातून पाणी जात नसताना सील आणि बेअरिंग तापतात.

चौथी पद्धत प्रत्यक्ष धावती चाचणी. फक्त धावतानाच होणारी गळती हिच्याशिवाय सापडत नाही, परंतु सर्वांत फसवीही हीच, कारण बोटीचे नाक उचलले गेले की पुढचे सारे पाणी मागे, जेटपाशी जमा होते आणि निर्दोष जेटवर आळ येतो. बहुतेक जेट बोटींत इंजिन सुरू होताच दांडाही फिरतो, म्हणून वाकून हात घालण्याऐवजी आत दिवा आणि लहान कॅमेरा घट्ट बसवावा. पेट्रोल इंजिन असेल तर सुरू करण्यापूर्वी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या जागेतली वाफ बाहेर काढणारा पंखा, किमान ४ मिनिटे चालवावा आणि पेट्रोलचा वास येत नाही याची खात्री करावी.

ज्याला एकच पद्धत निवडायची आहे त्याने पहिली निवडावी. जुनी अॅल्युमिनियमची बोट विकत घेण्यापूर्वी तपासायची असेल, तर मात्र मी दुसरीला अग्रक्रम देईन, कारण सील बदलता येते, तड्यांनी भरलेला तळ बदलणे फार महाग पडते. उभ्या बोटीत काहीच आढळले नाही तरच तिसरीकडे आणि शेवटी चौथीकडे वळावे.

दांड्यावरच दोष सापडला, तर तेथे पॅकिंग असलेला ग्लँड (दांड्याभोवती दोरीसारखे पॅकिंग नटांनी दाबून धरणारा भाग) आहे की यांत्रिक सील (एकमेकांवर घासत फिरणाऱ्या सपाट कड्यांचे सील), हे आधी पाहावे. पॅकिंगमधून बोट चालताना थोडे थेंब पडणे आवश्यकच असते, त्यानेच ते थंड राहते. उभ्या बोटीत धार लागली तर दोन्ही नट सारखे आणि अगदी थोडे थोडे आवळावेत, काही वेळ बोट चालवून, इंजिन बंद केल्यावर ग्लँडला हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल इतका तो तापला असेल, तर आवळणे जास्त झाले आहे आणि दांड्यावर चरे पडतील. यांत्रिक सीलला असे आवळणे लागू नाही. त्यातून सतत ठिबकत असेल तर घासून गेलेले भाग बदलावे लागतात.