हर्मिट क्रॅबला कुठला शंख घ्यायचा? टर्बो, नेराइट की रंगवलेला

अमेरिकेत मुलांच्या हट्टापायी हर्मिट क्रॅब, म्हणजे आपला शंखातला खेकडा, घरी आणला असेल तर पहिल्यांदा तो कुठल्या जातीचा आहे ते बघा, शंख त्यावरच ठरतो.

कॅरिबियन असेल, जांभळ्या नांगीचा, तर गोल तोंडाचा टर्बो, म्हणजे एका समुद्री गोगलगाईचा शंख, घ्या. ह्याची डावी नांगी मोठी असते, आत शिरला की तीच तोंडावर दारासारखी लावून घेतो आणि गोल तोंडात ती अगदी फिट्ट बसते. इक्वेडोरियनला मात्र लांबट, अर्धगोल तोंड लागतं, म्हणजे नेराइट नाहीतर बॅबिलोनिया, हेही गोगलगायींचेच शंख, टर्बोकडे तो बऱ्याचदा फिरकत पण नाही. नेराइट लहानच मिळतात, म्हणून खेकडा मोठा झाला की मून स्नेलचे शंख शोधावे लागतात.

रंगवलेला शंख कुणालाच नको, प्लीज. रंगाचे टवके निघतात आणि खेकडा ते खातो. विकणारे खेकड्यांना जबरदस्तीने अशा शंखांत घालतात, फार वाईट वाटतं बघून, कारण निवड हेच तर ह्या प्राण्याचं आयुष्य आहे. रिकामा शंख दिसला की तो उलटसुलट करून बघणार, नांग्या आत घालून खोली चाचपणार, मग झटकन मऊ पोट आत सरकवणार आणि नाही पटलं तर लगेच परत जुन्यात. पोट उजवीकडे वळलेलं असतं त्यामुळे उजव्या वळणाचेच शंख घ्या. शंख लहान पडला तर खेकड्याची वाढ खुंटते आणि अंग सुकतं, शंख फार मोठा झाला तर खेकडा ओझं वाहून दमतो, म्हणून तोंड मोठ्या नांगीपेक्षा जरासंच मोठं असावं.

आणि जुने शंख टाकू नका हां! कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर हे इक्वेडोरियन खेकडे शंख आतून कोरून हलका आणि ऐसपैस करतात, मग तोच शंख एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो, अशा वापरलेल्या शंखाला त्यांच्यात जास्त मागणी. सुट्टीत कोकणातून पिशवीभर शंख आणायचा विचार असेल तर तेवढं करू नका, तिथल्या खेकड्यांना तीच घरं लागतात.

एका खेकड्यामागे तीन ते पाच शंख, थोड्या थोड्या फरकाच्या साइझचे, उकळून गार करून पाण्याच्या वाटीजवळ कायम ठेवा. कात टाकून वाळूतून वर आला की तो बहुतेक तिकडेच वळेल.