हँग्ड मॅन: मार्सेय की रायडर-वेट?
टॅरो म्हणजे भविष्य सांगायला किंवा मनन करायला वापरले जाणारे चित्रांचे पत्ते. त्यातलं बारावं पान, हँग्ड मॅन (लटकलेला माणूस), आज त्यागाचं प्रतीक मानलं जातं. पण संच कोणता, यावर बरंच अवलंबून आहे. मार्सेय या जुन्या फ्रेंच संचात तो छाटलेल्या फांद्यांच्या दोन खोडांमध्ये एका पायाने उलटा लटकतो. १५व्या शतकातल्या इटलीत फितुरांची अशी उलटी चित्रं बदनामीसाठी भिंतींवर रंगवली जात आणि या पानाचं तिथलं जुनं नावही ‘गद्दार’. म्हणजे मुळात ही शिक्षा!

१९०९च्या रायडर-वेट संचात चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी लाकडाला पालवी दिली, चेहरा शांत केला, डोक्याभोवती तेजोवलय काढलं. तो स्वेच्छेने लटकलाय असं वाटतं. त्यागावर मनन करायला मी हेच पान सुचवेन. मार्सेयमध्ये तो अर्थ वाचणाऱ्याला स्वतः शोधावा लागतो.