रिफंड आला म्हणून मी 45,000 परत केले

ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे मला पाढ्यांसारखं पाठ आहे. माझ्याकडे ओटीपी कुणी मागितलाच नाही. 45,000 रुपये मी माझ्या हाताने, माझा पिन टाकून पाठवले, आणि पाठवताना मनात एवढंच होतं की दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे नकोत बाई.

मी घरी बसून डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावते. नवी पेठेत दोन खोल्या, खिडकीशी 2013चा डेस्कटॉप, चार जीबी रॅम, पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट. नवं मशीन घे असं सगळे सांगतात. पण या फॉन्टमधल्या वीस वर्षांच्या फायली नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या की जोडाक्षरांचा चिवडा होतो. ऑगस्टमध्ये दिवाळी अंकांचं काम सुरू झालं आणि कॉम्प्युटर हँग व्हायला लागला. पान सेव्ह करायला गेलं की खिडकी पांढुरकी पडायची, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’, आणि ते निळं वर्तुळ फिरत राहायचं. कधी चार मिनिटं, कधी दहा. तिकडे नारायण पेठेतल्या प्रेसमधून प्रूफासाठी फोनवर फोन.

घाईत मोबाईलवर हेल्पलाइन शोधली आणि सगळ्यात वर आलेला टोल फ्री नंबर लावला. ती जाहिरात होती. तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. मी प्रूफं तपासून पोट भरते, आणि नेमकं तेच वाचायचं राहिलं.

फोनवरचा मुलगा हिंदी बोलत होता, आवाज अगदी आर्जवी. एका मोठ्या कंपनीचं नाव सांगून त्याने एक ॲप उतरवायला लावलं आणि पडद्यावरचा आकडा विचारला. मग माझ्या कॉम्प्युटरचा माउस आपोआप फिरू लागला. त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच ठेवतो ती नोंदवही, उघडून लाल खुणांची लांबच लांब यादी दाखवली. मग काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ असं टाइप केलं. आकड्यांच्या रांगा आल्या, वर शीर्षक ‘फॉरेन ॲड्रेस’. ‘देखिए मॅडम, विदेश से आपका कॉम्प्युटर चला रहे हैं.’ माझ्या हातापायांतलं बळच गेलं. तीन वर्षांचा प्लॅन म्हणून 4,999 भरले.

गंमत म्हणजे त्यानंतर दोन दिवस मशीन खरंच बरं चाललं. सुरू होतानाच आपोआप चालू होणारे सात-आठ प्रोग्रॅम त्याने बंद केले होते, एवढंच. ते कुणालाही फुकट करता येतं. पण मला वाटलं, चला, पैसे वसूल.

नवव्या दिवशी त्याचाच फोन आला. कंपनी पुण्यातलं काम बंद करतेय, तुमचे 4,999 परत द्यायचे आहेत. पुन्हा तेच ॲप. नेट बँकिंग मलाच उघडायला सांगितलं. ‘पासवर्ड टाका, मी बघत नाही,’ म्हणाला. या एका वाक्याने माझा विश्वास बसला, हे आज लिहितानाही लाज वाटते. मग रिफंडची रक्कम एका चौकटीत टाइप करायला लावली. मी 4,999 लिहिलं, आणि पुढच्या क्षणी तिथे 49,999 दिसलं. मला वाटलं, माझंच बोट दोनदा पडलं. पडदा मिनिटभर काळा झाला. परत उजळला तेव्हा खात्यातले 58,340 रुपये 1,08,339 झाले होते.

फोनवर तो रडायला लागला. मॅडमची एकदम माँजी झाली. माझी नोकरी जाईल, जास्तीचे 45,000 मॅनेजरच्या यूपीआयवर आत्ताच्या आत्ता पाठवा. जमा झाल्याचा मेसेज का आला नाही, हे मी विचारलं होतं. सर्व्हर स्लो आहे म्हणाला. मी पाठवले. वजावटीचा मेसेज मात्र लगेच आला: शिल्लक 13,340.

हिशोबाने 63,339 हवे होते. दोन वेळा कागदावर वजाबाकी केली. तोवर फोन कट झाला होता.

पैसे आलेच नव्हते. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचे आकडे तिथल्या तिथे बदलता येतात. बदल फक्त आपल्या पडद्यावर दिसतो, बँकेत काही हलत नाही. पान पुन्हा लोड केलं असतं, किंवा मोबाईलवर शिल्लक पाहिली असती, तर सोंग तिथेच उघडं पडलं असतं. पडदा काळा करून त्याने तेवढंच काम उरकलं होतं.

1930ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला तेव्हा तासभर होत आला होता, कारण मध्ये मी त्याचाच नंबर पुन्हा पुन्हा लावत बसले. तुम्ही हे करू नका. नेटची वायर काढा आणि आधी 1930. पैसे जितके पुढच्या खात्यात पडून असतील तितकेच गोठवता येतात. माझे 11,500 एका खात्यात सापडले. ते परत मिळायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागायचा. बाकीचे कुणीतरी एटीएममधून काढले होते. तीन दिवसांत कळवलं तर बँक भरून देते, असं शेजाऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं. रिझर्व्ह बँकेचं 2017चं परिपत्रक तेव्हा होतं खरं, पण ती पूर्ण सूट आपला दोष नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले असतील तरच होती. मी पिन टाकून पाठवले होते, त्यामुळे बँकेने हात वर केले.

आणि कॉम्प्युटर? तो पुन्हा हँग झालाच. मग सीपीयू रिक्षात घालून तापकीर गल्लीत नेला. तिथल्या मुलाने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि ‘डिस्क’ या रकान्यावर बोट ठेवलं: 100 टक्के, एकही फाइल उघडलेली नसताना. हार्ड डिस्कवर खराब सेक्टर होते. अशा बिघडलेल्या जागी डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा-लिहायचा प्रयत्न करते आणि तोवर सगळं ताटकळतं. सेव्ह करतानाच का अडकायचं ते आत्ता कळलं. मशीन गोठलं तर नम लॉक दाबून बघा, असंही त्याने सांगितलं. दिवा चालू-बंद होत असेल तर बहुधा तो एक प्रोग्रॅमच अडकलाय, थोडं थांबा. दिवाही हलेना तर सगळंच गोठलंय.

मी त्या लाल खुणांचं विचारलं. तो हसला आणि त्याचा स्वतःचा नवा कोरा लॅपटॉप उघडून दाखवला. माझ्याहून लांब यादी. ‘काकू, हे सगळ्यांकडे असतं.’ आणि फॉरेन ॲड्रेस म्हणजे परदेश नव्हे, जोडणीचं पलीकडचं टोक. तुम्ही साधी बातमी वाचत असलात तरी तिथे आकडे दिसणारच.

फायली वाचवून, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी नवी एसएसडी टाकून त्याने मजुरीसकट 2,600 घेतले. अंक वेळेवर गेला.

दिवाळीनंतर एका बाईचा फोन आला. सायबर विभागातून बोलतेय, तुमचे 45,000 मंजूर झालेत, फाइल चार्ज 2,500 भरा. रक्कम तिला बरोब्बर ठाऊक होती, दिवससुद्धा. मी विचारलं, पैसे कुठे पाठवायचे ते सांगा, लिहून घेते. तिने यूपीआय आयडी सांगितला. मी तो शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवला, प्रूफ तपासतात तसा, आणि फोन ठेवून 1930 लावला.