‘इकिरू’ आधी, की ‘लिव्हिंग’?

अकिरा कुरोसावांचा जपानी चित्रपट ‘इकिरू’ (१९५२) आणि त्यावर बेतलेला ऑलिव्हर हर्मेनस यांचा इंग्रजी ‘लिव्हिंग’ (२०२२), दोन्हींचं कथाबीज एकच. कर्करोगाने मरणाऱ्या एका सरकारी अधिकाऱ्याला, फायलींखाली दबलेलं मुलांचं खेळाचं मैदान उभं करायचं आहे.

पहिला मोठा फरक दवाखान्यात दिसतो. ‘इकिरू’च्या नायकाला, टोकियोतल्या वातानाबेंना, डॉक्टर ‘साधा अल्सर’ असं खोटं सांगतात. खरं काय ते प्रतीक्षाकक्षात शेजारी बसलेल्या रुग्णाच्या बडबडीवरून त्यांनी आधीच ओळखलेलं असतं. ‘लिव्हिंग’च्या नायकाला, लंडनच्या विल्यम्सना, मात्र डॉक्टर सरळ सांगून टाकतात. त्यामुळे सत्य लपवण्याचा नैतिक पेच जपानी चित्रपटातच उरतो.

दुसरा फरक मला अधिक मोलाचा वाटतो. ‘इकिरू’त नायक बऱ्याच आधी जातो आणि उरलेला लांबलचक भाग त्याच्या शोकसभेत घडतो. दारू पीत सहकारी श्रेय कोणाचं यावर वाद घालतात, मग रडत शपथा घेतात आणि कचेरीत परतल्यावर पुन्हा तेच जुनं. चित्रपट इथे संपत आला असं समजून लक्ष सैल सोडलं, तर त्याचा कणाच हुकतो. ‘लिव्हिंग’मध्ये ही चर्चा रेल्वेच्या डब्यात थोडक्यात उरकते, शिवाय काझुओ इशिगुरोंच्या पटकथेत नायक तरुण सहकाऱ्यासाठी पत्र ठेवून जातो. पत्र हृद्य आहे, पण अर्थ प्रेक्षकाने शोधायच्या आत तेच सांगून टाकतं.

‘लिव्हिंग’ १०२ मिनिटांचा, ‘इकिरू’ १४३ मिनिटांचा. वेळ काढून ‘इकिरू’च आधी पाहावा.