ऑर्ग मोड, आठ महिन्यांनी: फिल्टर आणि पडवीचं दार

गेल्या जूनमध्ये चिपळूणच्या पडवीचं दार पावसाने फुगून चौकटीत अडकून बसलं. सुताराला मे महिन्यातच बोलवायचं होतं. यादीत काम होतं, पण त्यावर टिक होती.

तेव्हा मी पैसे भरून एक अ‍ॅप वापरत होते. 'फोन'चा फिल्टर लावला की त्यात फक्त शेवटची ओळ दिसायची. 'सुताराला फोन', खाली पुन्हा 'सुताराला फोन'. एक ठाण्याच्या किचन ट्रॉलीखालची, दुसरी चिपळूणच्या दाराखालची. ट्रॉली झाली म्हणून केलेली टिक दारावर पडली. मदतकेंद्राला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: 'कामाचं नाव स्पष्ट लिहा.' प्रत्येक ओळीत गाव, घर, खोली लिहायची तर पोटकामं पाडायचीच कशाला? वर्गणी पुन्हा भरली नाही.

मग ऑर्ग मोडकडे वळले. ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममधला हा याद्या सांभाळणारा भाग, आणि फुकट आहे. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी ते २००३ साली सुरू केलं. ईमॅक्सची बटणं हाताला बसेपर्यंतचे दोन आठवडे त्रासाचे गेले, हे सांगायला हवं. पण कंट्रोल-सी, मग तिरकी रेघ, मग एम दाबून 'फोन' हा टॅग, म्हणजे कामाला लावलेली खूण, लिहिला, आणि सगळी यादी मिटून एवढंच उरलं:

* चिपळूण
** मागची पडवी
*** बाकी सुताराला फोन

ओळ आली ती आपल्या वरच्या दोन्ही ओळी घेऊन. याला स्पार्स ट्री म्हणतात. मला एवढंच हवं होतं. ('बाकी' आणि 'झालं' हे शब्द मी सेटिंगमध्ये घातलेत.)

तरी पहिले तीन महिने टॅगच्या वारशाने डोकं उठवलं. वरच्या कामाचा टॅग खालच्या सगळ्यांना आपोआप लागतो. 'नळाचं काम'ला 'फोन' लावला, तर 'पाइप मोजणे' आणि 'सिमेंट आणणे'ही फोनच्या यादीत! वारसा पूर्ण बंद करायच्या बेतात होते. तसं केलं असतं तर पस्तावले असते. 'चिपळूण' हा टॅग खाली उतरायलाच हवा, नाहीतर तो प्रत्येक ओळीला हाताने लावत बसा. उतरू नये तो फक्त 'फोन'. वारशातून ठरावीक टॅग वगळायची सोय आहे, तिथे 'फोन' लिहिला आणि कटकट मिटली. आता वारसा हीच मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

स्पार्स ट्री एका फाइलपुरतीच चालते. सगळ्या फाइलींतली कामं एकत्र दाखवायला अजेंडा आहे, आणि तिथे मूळची यादी पुन्हा सपाट! ते पाहून जुना संताप उसळला. पण ओळीच्या सुरुवातीला काय दाखवायचं त्या सेटिंगमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि बी घातलं, की वरच्या मथळ्यांची साखळी दिसते. हे मुळातच चालू असायला हवं होतं, या मतावर मी ठाम आहे. पोटकाम बाकी असताना वरचं काम 'झालं' करू न देणारी सेटिंगही लगेच चालू करून घ्या.

या रविवारी सुतार चिपळूणला येतोय. दार रंधून घ्यायचंय, आणि कडी नवी.