सेव्हिलला जास्त पब्लिक कुणाचं, सेल्टिक की रेंजर्स?

स्कॉटलंडच्या ग्लासगोतल्या या दोन फुटबॉल क्लबांचं हे भांडण काय मिटत नाय. 2003 ला सेल्टिकवाले युएफा कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, आताची युरोपा लीग) फायनलला स्पेनमधल्या सेव्हिलला गेले, हिरवे-पांढरे पट्टे, डोक्यावर भल्यामोठ्या सोम्ब्रेरो टोप्या, अंदाजे 80 हजार लोक, आणि 2022 ला त्याच गावात युरोपा लीग फायनलला रेंजर्सवाले, त्यांचा आकडा तर लाखभर सांगतात! रेंजर्सच्या वाट्याला तिकिटं जेमतेम दहा हजार, म्हणजे बाकीचे नुसते उन्हात बिअर प्यायला आले म्हणा ना. आकड्यात रेंजर्स पुढे, मान्य. पण माझं मत सेल्टिकलाच, पोर्तुगालच्या पोर्तो क्लबकडून 3-2 हरूनपण त्यांच्या पब्लिकला फिफाचा फेअर प्ले अवॉर्ड मिळाला. रेंजर्स जर्मनीच्या फ्रँकफर्ट क्लबकडून पेनल्टीवर हरले, त्यांच्या रॅम्सीची किक कीपरने पायाने अडवली राव.