बँक्सीचा पुठ्ठा आणि फाटक्या नोटेचं सर्टिफिकेट

बँक्सी म्हणजे स्वतःची ओळख लपवून भिंतींवर चित्रं काढणारा कलाकार, आणि इंग्लंडातलं ब्रिस्टल हे त्याचं गाव. त्या ब्रिस्टलमध्ये राहून बँक्सीच्या नावाने टोपी घालून घ्यायची, म्हणजे पंढरपुरात राहून नकली बुक्का विकत घेण्यातलाच प्रकार. पण झालाय खरा. पुण्या-मुंबईचे ओळखीचे हल्ली ‘स्ट्रीट आर्टमध्ये पैसे टाकावेत का’ म्हणून विचारतात. माझा मावसभाऊ तर ‘ताई, माझ्यासाठीही एखादं बघ’ म्हणून मागेच लागला होता. म्हणून सविस्तर लिहिते.

वस्तू काय होती? वहीच्या पानाएवढा तपकिरी पुठ्ठा, कडा मुद्दाम कुरतडल्यासारख्या. त्यावर काळ्या स्प्रेने काढलेलं स्टेन्सिलचं चित्र. मागे ‘डिस्मालँड’चा शिक्का, आणि तिथलं प्रवेशाचं तिकीट चिकटवलेलं. डिस्मालँड म्हणजे 2015 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात बँक्सीने आमच्या जवळच्या वेस्टन-सुपर-मेअरला, ट्रॉपिकाना नावाच्या बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावावर भरवलेली भकास जत्रा. तिकीट होतं तीन पौंड. विक्रेता सांगत होता, तिथे काम करणाऱ्या पोरांना शेवटी हे पुठ्ठे आठवण म्हणून वाटले, त्यातल्याच एकाकडून हा आला. मागत होता साडेसातशे पौंड.

खरी हुशारी या आकड्यात होती. पन्नास पौंडांना कोणी बँक्सी विकत असेल तर आपण हसून पुढे जातो, आणि पन्नास हजार मागितले तर आधी वकील गाठतो. साडेसातशेला माणूस दोन दिवस विचार करतो आणि घेऊन टाकतो. मीही घेतला.

वर तो एक खरी गोष्टही ऐकवायचा. ऑक्टोबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ एका म्हाताऱ्याच्या स्टॉलवर बँक्सीची सहीनिशी चित्रं साठ डॉलरला एक अशी विकायला ठेवली होती. दिवसभरात जेमतेम काही गेली. दुसऱ्या दिवशी बँक्सीनेच जाहीर केलं की चित्रं खरी होती. ‘बघा, ज्यांनी घेतली त्यांचं नशीब उघडलं.’ गोष्टीचा पुढचा भाग मात्र तो गाळायचा. आठवड्याभराने त्याच जागी दुसऱ्या एका कलाकाराने तसाच स्टॉल लावला, चित्रं नकली आहेत हे न लपवता, आणि सगळा माल तासाभरात हातोहात खपला.

आता सर्टिफिकेट. बँक्सीचं काम खरं की खोटं हे सांगणारी संस्था एकच, पेस्ट कंट्रोल. तिच्या सर्टिफिकेटला दहा पौंडांच्या गमतीच्या नोटेचा अर्धा तुकडा जोडलेला असतो. नोटेवर राणीऐवजी डायना. त्या नोटेवर हाताने क्रमांक घालून ती फाडतात, आणि दुसरा अर्धा संस्थेकडे राहतो. जुनी हुंडी जुळवून बघावी तसे दोन्ही तुकडे जुळले पाहिजेत.

मला आलेल्या कागदालाही डायनाचा अर्धा तुकडा होता, फाटका. काही आठवड्यांनी दुसऱ्याच एका लिलावाच्या यादीत तसाच पुठ्ठा दिसला, चित्र वेगळं. सर्टिफिकेटचा फोटो मोठा करून बघितला. डायनाच्या कानाजवळ कड आत वळते, खाली दोन बारीक दाते येतात. माझ्या तुकड्यावरही तेच वळण आणि तेच दोन दाते. हाताने फाडलेली कड दोनदा सारखी येत नाही. भिंग लावल्यावर दिसलं, माझी कड फाटलेली नव्हतीच. फाटल्याची सावली छापलेली होती आणि तिच्या कडेने कात्रीने कापलेलं होतं. कागदाचा एक धागा सुटलेला नव्हता.

पेस्ट कंट्रोलकडे अर्ज केला. त्यांचं उत्तर आलं, हे आमचं नाही.

पैशांची कथा त्याहून चीड आणणारी. ‘कमिशन वाचेल, तेवढं तुम्हाला कमी करतो’ म्हणून त्याने थेट बँकेतून ट्रान्सफर करून घेतली होती. ब्रिटनमध्ये शंभर पौंडांच्या वरची खरेदी क्रेडिट कार्डाने केली तर कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. ट्रान्सफरला तो आधार नाही. बँक म्हणाली, वस्तू तर मिळाली ना, मग हा तुमचा आणि विक्रेत्याचा दिवाणी वाद. आणि विक्रेत्याने दाखवला जाहिरातीचा तळ. तिथे बारीक अक्षरात ‘आफ्टर बँक्सी’. लिलावाच्या धंद्यात त्याचा अर्थ, बँक्सीवरून दुसऱ्या कुणीतरी केलेलं. वर मथळ्यात मात्र नुसतं ‘बँक्सी’, ठळक.

ही टोळकी सुटीसुटी नाहीत. 2024 मध्ये स्पेनच्या पोलिसांनी झारागोझात डिस्मालँडच्याच नावाने पुठ्ठ्यावरचे नकली बँक्सी बनवणाऱ्यांना पकडलं. एकेक पुठ्ठा दीड हजार युरोपर्यंत विकला जात होता. त्याच वर्षी इटलीत पिसाच्या तपासात बँक्सी, वॉरहॉल, पिकासो अशांच्या नावावरची दोन हजारांहून जास्त नकली कामं सापडली.

बँक्सीच्या बाबतीत विचारायला निदान एक दार तरी आहे. वॉरहॉल, बास्किया आणि कीथ हेरिंग या दिवंगत अमेरिकी चित्रकारांची कामं तपासणारी मंडळं कोर्टकचेऱ्यांना कंटाळून 2012 च्या सुमारास गुंडाळली गेली. त्यानंतरच्या तारखेचं ‘मंडळाचं सर्टिफिकेट’ कोणी दाखवलं तर तिथूनच उठावं. ज्या बास्कियाला विचारायला कोणी उरलं नाही, त्याच्या नावावरची पंचवीस चित्रं फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या म्युझियममध्ये थाटात लागली होती. 2022 मध्ये एफबीआयने ती उचलली. त्यातलं एक फेडेक्स या कुरियर कंपनीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर होतं, आणि त्यावरच्या छापील अक्षरांचं वळण 1994 नंतरचं. बास्किया वारला 1988 मध्ये!

भिंतीवरून कापून काढलेल्या तुकड्यांच्या फंदात तर पडूच नका. रस्त्यावरच्या कामांना पेस्ट कंट्रोल सर्टिफिकेट देतच नाही.

घ्यायचंच असेल तर विक्रेत्याला एकच सांगा: सर्टिफिकेट त्याच्या क्रमांकासह पेस्ट कंट्रोलकडून पडताळून घेऊ, उत्तर येईपर्यंत पैसे अडकवून ठेवू. खरा व्यापारी थांबतो. माझ्यावाल्याला ‘आजच दुसरं गिऱ्हाईक’ होतं.

वॉरहॉलचं मंडळ नाकारलेल्या चित्रांच्या पाठीवर ‘डिनाइड’ असा शिक्का मारायचं, म्हणजे ते पुन्हा बाजारात फिरायला नको. मीही तेच केलं. डिस्मालँडच्या शिक्क्यावरून लाल मार्करने आडवं ‘नकली’ लिहिलं, पुढच्या बाजूलाही. मावसभावाला फोटो पाठवला तर म्हणतो, ‘ताई, पुढचं तरी कशाला खराब केलंस, हॉलमध्ये छान दिसलं असतं. आता कितीला देशील?’